हाँगकाँगमध्ये उंचावरच्या कँटोनीज रेस्टॉरंटात जेवायचंय? टेबल बुक करण्यापासून बिलापर्यंत सगळं सांगते

हाँगकाँगला जाणारी आपली बरीच मंडळी डिस्नेलँड करतात, व्हिक्टोरिया पीकच्या डोंगरावर जाऊन फोटो काढतात, चुंगकिंग मॅन्शन्समध्ये जाऊन रोटी-भाजी खातात आणि परत येतात, आणि ज्या जेवणासाठी हे शहर जगात ओळखलं जातं ते कँटोनीज, म्हणजे दक्षिण चीनच्या कँटन भागाचं, जेवण राहूनच जातं. कारणं नेहमीचीच, एक तर महाग पडेल ही भीती, दुसरं म्हणजे मेन्यू कळत नाही, आणि तिसरं, घरातलं कुणी ना कुणी शाकाहारी असतंच. आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा आणि सासू-सासरे. आई म्हणजे माझ्या सासूबाई पक्क्या शाकाहारी, बाबा मासे खातात पण मटणाला हात लावत नाहीत, आणि तरीही त्या ट्रिपमधलं सगळ्यात छान जेवण आम्हाला तिथेच मिळालं. पण त्याआधी एकदा फसलो होतो, तेही सांगते, म्हणजे तुम्ही फसणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की रोज महाग खायची गरज नाही, एकच जेवण करा पण चांगल्या जागी करा, आणि ते रात्री नाही, दुपारी करा. का, ते पुढे येईलच.

आधी जागा ठरवा

हाँगकाँगमध्ये हार्बर दिसणारी कँटोनीज रेस्टॉरंटं बरीच आहेत आणि त्यातली नावाजलेली बहुतेक मोठ्या हॉटेलांच्या आत आहेत. सगळ्यात उंचावरचं म्हणजे वेस्ट कौलूनच्या आयसीसी टॉवरमधलं तिन लुंग हीन. हा टॉवर 484 मीटर उंच आहे, रिट्झ-कार्लटन हॉटेल त्याच्या वरच्या मजल्यांवर आहे आणि रेस्टॉरंट 102 व्या मजल्यावर. लिफ्टमध्ये कानाला दडे बसतात, विमानात बसतात तसे, तर बाबांसाठी मी पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या होत्या. नावाचा अर्थ साधारण 'आकाशातल्या ड्रॅगनचा मंडप' असा होतो. कौलून म्हणजेही 'नऊ ड्रॅगन', त्यामुळे तिकडे ड्रॅगन जागोजागी भेटतो.

दुसरं नाव घ्यायचं ते लुंग किंग हीनचं, फोर सीझन्स हॉटेलमध्ये, हाँगकाँग आयलंडवरच्या सेंट्रल भागात. हे फक्त चौथ्या मजल्यावर आहे पण पाण्याला अगदी लागून. रेस्टॉरंटांना स्टार देणाऱ्या मिशेलिन गाइडचे तीन स्टार मिळवणारं जगातलं पहिलं चायनीज रेस्टॉरंट हेच, 2009 च्या गाइडमध्ये, शेफ चान यान-ताक यांच्या हाताखाली. तिसरं मँडरिन ओरिएंटलमधलं मान वाह, 25 व्या मजल्यावर, तिथून समुद्रापेक्षा सेंट्रलच्या इमारती जास्त दिसतात. आणि हार्बरच्या पलीकडे, कौलूनच्या चिम शा चुई भागात, रीजंट हॉटेलमध्ये लाय चिंग हीन, पाण्याच्या पातळीवर, समोर हाँगकाँग आयलंडची सगळी रांग.

आता एक गोष्ट लक्षात घ्या, उंच म्हणजे चांगला व्ह्यू असं नाही. शंभराव्या मजल्यावरून बोटी मुंगीएवढ्या दिसतात, आणि ढग खाली उतरले की काहीच दिसत नाही. चौथ्या मजल्यावरून स्टार फेरी येताना-जाताना दिसते, तिच्यावरची माणसं दिसतात. आईंना विचारलंत तर त्या म्हणतील पाण्याजवळचंच बरं. मला स्वतःला उंचावरचं आवडलं, पण हवा स्वच्छ असेल तरच.

कधी जायचं, हे जागेपेक्षा महत्त्वाचं

आमची पहिली फसगत इथेच झाली. मार्चच्या शेवटी गेलो होतो, एका उंच हॉटेलात रात्रीचं खिडकीचं टेबल मिळवलं, छान कपडे घालून पोचलो, आणि काचेबाहेर पांढरं धुकं. दोन तास जेवलो, शहराचा एक दिवासुद्धा दिसला नाही. वेटरही बिचारा काय करणार. नंतर कळलं की मार्च-एप्रिल हे तिकडे दमट, धुक्याचे महिने, भिंतींनासुद्धा पाणी सुटतं. ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यात चांगला काळ, हवा कोरडी, आकाश मोकळं. जून ते सप्टेंबर टायफूनचे, म्हणजे मोठ्या वादळांचे, दिवस, आणि वादळाचा आठ नंबरचा सिग्नल लागला की शहरातले बहुतेक व्यवहार बंद होतात, तेव्हा त्या दिवशीचं बुकिंग असेल तर आधी फोन करून विचारा.

तर दुपार का? एक, डिमसम, म्हणजे छोट्या टोपल्यांतून येणारे डंपलिंगसारखे पदार्थ, चांगल्या कँटोनीज रेस्टॉरंटात साधारणपणे दुपारीच मिळतं, रात्रीच्या मेन्यूत ते नसतंच किंवा एखाद-दुसरं असतं, आणि कँटोनीज माणसाचा जीव डिमसममध्ये असतो. दोन, दुपारचं बिल रात्रीपेक्षा बरंच कमी येतं कारण छोट्या टोपल्यांवर पोट भरतं. तीन, उजेडात डोंगर, बेटं, बंदर सगळं दिसतं, रात्री फक्त दिवे. दिवे बघायचेच असतील तर रात्री 8 ला सिम्फनी ऑफ लाइट्स हा लेझर-दिव्यांचा शो असतो, तो चिम शा चुईच्या किनाऱ्यावरून फुकट बघा, त्यासाठी जेवणाचं टेबल अडवायची गरज नाही.

वेळेचं एक छोटं गणित. हाँगकाँग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले 12 म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. नुकतेच पोचला असाल तर 12 ला भूकच लागलेली नसते, त्यामुळे एक-सव्वाचं टेबल घ्या, पण किचन दुपारी किती वाजता बंद होतं ते विचारून घ्या. आणि रविवार टाळा, तिकडे रविवारी आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं खानदान 'यम चा' करायला येतं. यम चा म्हणजे शब्दशः चहा पिणं, पण अर्थ निघतो डिमसमचं जेवण. मंगळवार-बुधवार सगळ्यात शांत.

बुकिंग करताना काय बोलायचं

व्हिसा नाही पण भारतीय पासपोर्टवाल्यांना निघायच्या आधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते झालं की लगेच टेबलाच्या मागे लागा, तीन-चार आठवडे आधी. क्रेडिट कार्डचा नंबर मागतात, न सांगता गेलो नाही तर पैसे कापतात, तर कॅन्सल करायची शेवटची वेळ लिहून ठेवा.

खिडकीचं टेबल पक्कं देत नाहीत, 'रिक्वेस्ट' म्हणून टाकतात. इथे एक खाचखळगा आहे. खिडकीला लागून बहुतेक दोघा-चौघांची टेबलं असतात, सहा-आठ जणांचं मोठं गोल टेबल आतल्या बाजूला. तुम्ही सहा असाल आणि व्ह्यूसाठीच जात असाल तर तीन-तीनची दोन टेबलं मागा किंवा प्रायव्हेट रूमची चौकशी करा, पण रूमला कमीत कमी इतकं बिल झालंच पाहिजे अशी अट असते, तो आकडा मेलवर लेखी घ्या.

आणि शाकाहारी कुणी असेल तर ते इथेच, बुकिंगच्या वेळी सांगायचं, टेबलावर बसून नाही. हा मुद्दा मोठा आहे म्हणून वेगळा लिहिते.

शाकाहारी मंडळींसाठी, नीट वाचा

नुसतं 'व्हेज' म्हटलं की तिकडचा माणूस समजतो की भाज्या जास्त हव्यात. मग भाजी येते, हिरवीगार, बघूनच छान वाटतं, आणि ती शिजवलेली असते कोंबडी आणि हॅमच्या रश्शात. मेन्यूत 'सुपीरिअर स्टॉक' दिसलं की समजायचं. ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा, तर सगळीकडे. टर्निप केक म्हणून मुळ्याच्या वड्या मिळतात, दिसायला आपल्या कोथिंबीर वडीच्या बहिणी, त्यात सुकी कोलंबी आणि चायनीज सॉसेजचे बारीक तुकडे असतात. एग टार्टच्या पारीत बऱ्याचदा डुकराची चरबी. मँगो पुडिंगमध्ये जिलेटिन असू शकतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातलं.

यावरचा उपाय म्हणजे एकच शब्द, 'जाय'. बौद्ध शाकाहार. 'सिक जाय' म्हणजे मी बौद्ध पद्धतीचं शाकाहारी खातो. हा शब्द त्यांच्या संस्कृतीतलाच असल्यामुळे किचनला लगेच कळतं, मांस नाही, मासा नाही, त्याचा रस्सा नाही, आणि जुन्या नियमाप्रमाणे कांदा-लसूणसुद्धा नाही. आईंना कांदा-लसूण चालतो, पण चातुर्मासात न खाणाऱ्यांना हे किती सोयीचं आहे बघा! कंदमुळं मात्र त्यात चालतात, तेव्हा जैन मंडळींनी ते वेगळं सांगायला हवं. मी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीकडून एका कागदावर चिनी अक्षरांत लिहून घेतलं होतं, मांस-मासा-कोलंबी नको, ऑयस्टर सॉस नको, कोंबडीचा रस्सा नको, दूध आणि अंडं चालेल, आणि तो कागद वेटरच्या हातात दिला. तो आत गेला, परत आला आणि एकेक पदार्थावर बोट ठेवून आईंना हो-नाही सांगत बसला. आईंना मशरूम आणि भाज्यांचे डंपलिंग, 'लो होन जाय' नावाची मशरूम-टोफू-शेवयांची मिसळभाजी, आल्याबरोबर परतलेली 'गाय लान' नावाची हिरवी पालेभाजी आणि साधा भात मिळाला आणि त्या पोटभर जेवल्या. आणि गोमांस न खाणाऱ्यांनी तेही वेगळं सांगा, डिमसममध्ये बीफचे गोळे असतात आणि दिसून कळत नाही.

बसल्यावर पहिला प्रश्न चहाचा

पाण्याच्या आधी विचारतात, चहा कोणता? हा फुकट नसतो, माणशी पैसे लागतात, बिलात दिसले तर दचकू नका. टेबलावर आधीच ठेवलेले शेंगदाणे किंवा साखरेतले अक्रोड, सॉसच्या छोट्या बश्या, यांचेही कधीकधी पैसे लागतात, नको असेल तर हसून परत द्या, कुणाला वाईट वाटत नाही.

चहात काय घ्यायचं, तर तेलकट-मांसाहारी जेवणाबरोबर पोलेइ, म्हणजे पु-अर नावाचा चहा, काळपट, मातीच्या वासाचा, तोंड स्वच्छ करतो. वास आवडत असेल तर जॅस्मिन, म्हणजे मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांचा. लहान मुलांना किंवा ज्यांना झोप येत नाही त्यांना शेवंतीच्या फुलांचा, त्यात चहाची पानं नसतात. दूध-साखर मागू नका, खरंच नका, पहिला कप कडू लागेल, दुसऱ्यापासून मजा कळते. बाबांनी पोलेइचे सहा कप प्यायले.

कुणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करायचं, हे थँक्यू. गोष्ट अशी सांगतात की चीनचा चियनलुंग बादशहा वेष बदलून फिरत होता, त्याने सेवकाच्या कपात चहा ओतला, सेवकाला वाकून नमस्कार करता येईना कारण गुपित फुटलं असतं, मग त्याने बोटं वाकवून टेबलावरच नमस्कार केला. किटली संपली की झाकण थोडं बाजूला सरकवून ठेवा, न बोलता भरून मिळते. आणि साध्या चहाच्या दुकानात लोक गरम चहाने वाट्या-चमचे धुताना दिसतील, ते इथे करू नका, इथे भांडी स्वच्छच असतात आणि तसं करणं बरं दिसत नाही.

तुमच्यासमोर चॉपस्टिकच्या दोन जोड्या असतील, वेगवेगळ्या रंगांच्या. एक ताटातून वाढून घ्यायची, दुसरी तोंडात घालायची. आईंना हे इतकं आवडलं, म्हणाल्या, "म्हणजे यांच्यातही उष्टं मानतात तर." कोणती कुठली ते वेटरला विचारून घ्या. आणि काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नका, मेलेल्या माणसापुढे भातात उदबत्त्या लावतात तसं ते दिसतं. काटा-चमचा मागितला तर लगेच देतात, संकोच नको.

मागवायचं काय आणि किती

आपली सवय अशी की एकदम दहा पदार्थ मागवायचे. इथे तसं करू नका. डिमसमच्या टोपलीत तीन-चार नग असतात, चौघांना पहिल्यांदा पाच टोपल्या पुरतात, मग बघून पुढचं.

सुरुवात हा गाउने करा, कोलंबीचं डंपलिंग. किचन कसं आहे याची परीक्षाच म्हणा ना. पारी गव्हाच्या स्टार्चची, इतकी पातळ की आतली कोलंबी गुलाबी दिसते, आणि कडेला चुण्या, जुने लोक म्हणतात कमीत कमी सात, चांगला हात असेल तर दहाच्या वर. आपण मोदकाच्या कळ्या मोजतो तशाच. आईंनी खाल्लं नाही पण टोपली हातात घेऊन चुण्या मोजल्या, अकरा भरल्या, आणि म्हणाल्या की उकड गरम असतानाच मळली असणार, नाहीतर कळ्या फाटतात. अगदी बरोबर, ते पीठ उकळत्या पाण्यातच मळतात! काडीने उचलल्यावर पारी फाटता कामा नये, टोपलीला चिकटता कामा नये, आणि चावलं की कोलंबी करकरीत लागली पाहिजे, पिठूळ नाही. टोपली आली की दोन मिनिटांत खा. फोटो एकच काढा, गार झालं की पारी चिवट होते.

त्यानंतर स्यू माय म्हणजे पोर्क-कोलंबीचे उघड्या तोंडाचे डंपलिंग, आणि चेउंग फन म्हणजे तांदळाच्या पातळ घावनासारख्या गुंडाळ्या, वरून गोडसर सोया. मग भट्टीतलं काहीतरी. पोर्क खाणाऱ्यांनी 'चार स्यू' सोडू नये, म्हणजे भाजलेलं पोर्क, मधाचा हात दिलेलं, कडा किंचित करपलेल्या. तिन लुंग हीनचं इबेरिको पोर्कचं चार स्यू तर प्रसिद्धच आहे. पोर्क नको असेल तर कुरकुरीत कातडीची कोंबडी मागवा. पेकिंग डक मागवू नका, ते बीजिंगचं, आणि शेझवान, मंचुरियन शोधू नका. चिकन मंचुरियन हे मुंबईत जन्मलेलं अपत्य आहे, तिकडे कुणाला माहीत नाही.

वाफवलेला मासा मात्र एकदा खाच. ग्रूपर, आपल्याकडे गोबरा किंवा हेकरू म्हणतात त्यातला. वर आलं आणि कांद्याच्या पातीच्या केसासारख्या कापलेल्या चिरी, त्यावर कडकडीत तेल, खाली सोया. ना मसाला, ना खोबरं, ना कोकम. बाबा मालवणी, पहिल्या घासाला गप्प बसले, दुसऱ्याला म्हणाले, "हा मासा सकाळी जिवंत होता." त्यात सगळं आलं. कँटोनीज जेवण अळणी म्हणतात ते मला पटत नाही, जिन्नस इतका ताजा असला की त्याच्यावर काही झाकायची गरजच उरत नाही. पण हाडाजवळ मांस किंचित चिकटलेलं असतं, ते कच्चं नाही, तसंच शिजवतात. एक बाजू संपली की मासा उलटा करू नका, मच्छीमारांच्या समजुतीप्रमाणे तो बोट उलटण्याचा अपशकुन, वेटर मधला काटा काढून देतो.

पण ऑर्डर देण्याआधी भाव विचारा! मेन्यूत 'मार्केट प्राइस' किंवा ताएलचा भाव असतो. एक ताएल म्हणजे जवळपास 38 ग्रॅम, 16 ताएलची एक कॅटी, साधारण 605 ग्रॅम. समजा 60 डॉलर ताएल लिहिलंय आणि मासा 20 ताएलचा निघाला, तर एका माशाचे 1200 हाँगकाँग डॉलर झाले. रुपयांत किती ते त्या दिवशीच्या दराने बघा. त्यामुळे 'हा अख्खा मासा कितीला' असंच विचारायचं. अबलोनी (समुद्री गोगलगाय), फिश मॉ (माशाच्या पोटातली वाळवलेली पिशवी), पक्ष्याच्या घरट्याचं सूप याचंही तेच. शार्क फिन दिसलं तरी मागवू नका, त्या पंखांसाठी शार्क मारले जातात आणि त्या धाग्यांना स्वतःची चव नसते, चव सगळी रश्श्याची.

भात शेवटी येतो, आपल्या मागच्या भातासारखा. भाजीबरोबर हवा असेल तर आधीच सांगा, नाहीतर आई भाजी संपवून भाताची वाट बघत बसल्या तसं होईल. गोडात आंबा-पपनस-साबुदाण्याचं गार पन्ह्यासारखं एक मिळतं, सगळ्यांना आवडतं, फक्त हापूसची अपेक्षा ठेवू नका.

कपडे, फोटो, बिल

पुरुषांनी फुल पँट आणि बंद बूट घालावेत. आई साडीत होत्या, सगळ्यांनी कौतुक केलं.

काचेतून फोटो काढताना आतले दिवे उमटतात, मोबाइल काचेला टेकवा आणि भोवती काळी ओढणी धरा, झालं.

बिल मागायला 'म्-गॉय, माय दान' म्हणा. 10 टक्के सर्व्हिस चार्ज बिलात असतोच, म्हणजे मेन्यूवर 2000 झाले तर 2200, वर विक्रीकर नाही आणि टिप द्यावीच लागते असंही नाही. कार्डाच्या मशीनवर 'रुपयात की हाँगकाँग डॉलरमध्ये' विचारलं तर डॉलरच दाबा, रुपयात त्यांचा भाव महाग पडतो.

उरलं तर 'दा बाउ' म्हणा, पॅक करून देतात, कितीही भारी हॉटेल असो. आमचे चार स्यूचे चार तुकडे आणि आईंचे दोन डंपलिंग उरले होते, ते छोट्या डब्यात घालून, पिशवीला गाठ मारून दिले. तिन लुंग हीनहून निघालात तर खाली कौलून स्टेशन आहे, पण लगेच ट्रेन पकडू नका, चालत वेस्ट कौलूनच्या किनाऱ्यावर जा, बाकडी आहेत, वारा असतो. आम्ही तिथेच बसून तो डबा संपवला, आणि बाबा मान वर करून 102 वा मजला कुठला ते मोजत होते.